बधिर ओठ

चिखलीहून बुलढाण्याला जाणाऱ्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. उंद्रीकडचे, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारे. बोलता बोलता खालचा ओठ बोटाने चाचपत राहायचे.

"अक्कलदाढ काढली, तवापासून बधिर झाला. फुंकर धरत नाही. वाजवणं बंदच झालं."

दाताच्या डॉक्टरवर त्यांनी ग्राहक आयोगात केस केली होती. आज तारीख होती.

"डॉक्टर घरी आले होते. माहा हात धरून रडले. म्हणे, काका, चूक झाली. अन् आयोगात लिहून देल्लं, काहीच चूक नाही."

"असं का?"

"विमा आहे न त्यायचा. कंपनीले न विचारता चूक कबूल केली, तर कंपनी भरपाई देत नाही म्हणे. वकीलबी कंपनीचाच. आता मी त्यायले माफ करू, का त्यायच्याशी भांडू?"

मी कायदा, विम्याच्या अटी असं काहीबाही बोललो. माझं मलाच पटेना.

बुलढाणा स्टँडवर एका तरुणाने त्यांना हात देऊन खाली उतरवलं. "हेच डॉक्टर," ते माझ्या कानात म्हणाले. मलाही आयोगाच्या बाजूलाच जायचं होतं. दोघं गप्पा मारत माझ्या पुढे चालले होते. आयोगाच्या फाटकात कंपनीच्या वकिलाचा काळा कोट दिसला, तसा डॉक्टर जागीच थांबला. ते एकटेच पुढे गेले, पण फाटकापाशी पोचल्यावर मागे वळले.

"या न, डॉक्टरसाहेब!" ते ओरडले. "तारीख तुमचीबी आहे!"