त्याची वीत

नवरा जानेवारीत गेला. मार्चमध्ये कुरण हिरवं झालं आणि मला काहीच वाटलं नाही.

इकडे परदेशात, हर्नडन शहरातल्या ऑफिसात आयुष्यभर कोडिंग केलेल्या माणसाला पन्नाशीत गाई पाळायची हौस आली, म्हणून आम्ही तिथून तासभर दूर हे शेत घेतलं. चार गाई आणि एक कुरण. हौस त्याची, शेण माझं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. आता ते कुणाला सांगावंसं वाटत नव्हतं.

त्याचा नियम एकच होता. गवत वीतभर झाल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. कोवळं गवत गाईंनी ओरबाडलं, ओल्या मातीत खूर रुतवले, की कुरण उन्हाळाभर सावरत नाही. रोज सकाळी तो उकिडवा बसायचा, अंगठा जमिनीला टेकवून करंगळी वर ताणायचा आणि नकारार्थी मान हलवायचा. दुकानात पट्ट्या मिळतात, असं मी म्हणायचे. "यार, मग हात कशाला दिलेत?" तो म्हणायचा.

यंदा साठवलेलं वाळलं गवत संपत आलं. गाई फाटकाशी उभ्या राहून हंबरायच्या. मुलीचा फोन आला. "आई, जस्ट ओपन द गेट. नाहीतर सेल देम. आणि बाबाचे कपडे वॉश करून डोनेट केलेस ना?"

केले होते. धुताना, घड्या घालताना डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं. पण गाई विकायच्या नव्हत्या, तेवढं पक्कं होतं. कुरण गेलं असतं तर त्या विकाव्याच लागल्या असत्या.

मी उकिडवी बसले. गवत माझ्या करंगळीच्या वर गेलं होतं. उठून कडीला हात घातला आणि थांबले. ही माझी वीत होती. त्याचा हात केवढा होता, ते काही केल्या डोळ्यांसमोर येईना. इतकी वर्षं धरलेला हात.

गोठ्यात खिळ्याला त्याचा चामड्याचा हातमोजा लटकत होता, शेणामातीने कडक झालेला. त्याची बोटं ताणून मी तो गवताशी धरला. गवत दोन बोटं कमी होतं.

मी वाळल्या गवताचे आणखी गठ्ठे मागवले. रोज सकाळी हातमोजा घेऊन जाऊ लागले. एप्रिलमध्ये पाती त्याच्या करंगळीला लागली, तेव्हा कडी काढली. गाई शेपट्या उभारून आत धावल्या. मला बरं वाटायला हवं होतं.

आणखी काही द्यायचं राहिलंय का, असं मुलीने परवा विचारलं. एक हातमोजा राहिलाय, म्हटलं, पण तो देणार नाही. धुणारही नाही. चामडं आटलं तर वीत कमी होईल.