घाटाखालचं सीमांतपूजन

परक्या गावी जाऊन लग्न लावायची ही जी नवी हौस निघाली आहे, ती मला बघवत नाही. कोणी डोंगरावर जातं, कोणी तळ्याकाठी, कोणी कुठल्याशा राजवाड्यात. म्हणतात, एजंट सगळं बघतो, आपण नुसतं नटून जायचं. बघतो ना. एजंट काय काय बघतो हे मला फार पूर्वीपासून माहीत आहे, कारण साठ सालानंतर लगेचच माझंही लग्न असंच तिसऱ्या गावी ठरलं होतं. आठवलं की अजूनही तोंड कडू होतं.

आम्ही अमरावतीचे, राजापेठेतले. बाबा शाळेत गणित शिकवायचे. मुलगा अकोल्याचा, त्याचे वडील मोठे वकील. आमच्यात तेव्हा मुलीच्या दारात मांडव पडायचा, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. पण वकीलसाहेबांनी कुठेतरी ऐकलं की बडे लोक आता थंड हवेच्या ठिकाणी कार्य करतात. झालं. निरोप आला: 'वैशाखात अमरावतीच्या उन्हात आमची माणसं भाजायची नाहीत, चिखलदऱ्याला करा.' करा म्हणजे तुम्ही करा. थंड हवा त्यांना अन् धावपळ आम्हाला. आयजीच्या जीवावर बायजी उदार, दुसरं काय. आई म्हणाली, नाही म्हणून कळवा. बाबा म्हणाले, असं स्थळ पुन्हा दारात येणार आहे का? गरजवंताला अक्कल नसते ती अशी.

आता डोंगरावर लग्न लावायचं कसं, हे बाबांना कुठलं ठाऊक. त्यांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या यात्रावाल्याला बोलावलं. हा गृहस्थ मोटारी ठरवून म्हाताऱ्याकोताऱ्यांना काशी-रामेश्वर दाखवून आणायचा. आचारी, भांडी, धर्मशाळा, सगळं त्याच्याकडे. लग्न त्याने कधी नेलं नव्हतं, पण माणसाला अक्कल होती. ओसरीवर बसून त्याने एकेक गोष्ट विचारली. घाट कोणाकोणाला लागतो? त्यांना पुढच्या बाकावर घेऊ, लिंबं अन् आवळासुपारी माझ्याकडे. वर विड्याची पानं मिळत नाहीत, इथूनच ओल्या फडक्यात न्या. दूध वरच्या गवळ्यांना आधी सांगून ठेवतो. भटजी आपलाच न्या, वरच्या भरवशावर राहू नका. सरकारी बंगल्याच्या खानसाम्याशी बोलणं मी करतो.

मग तो माझ्याकडे वळला. "ताई, तुमाले काय पायजे?"

मी गोंधळलेच. लग्न ठरल्यापासून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, मला खिडकीची जागा द्या. तो हसला नाही, त्याने ते यादीत लिहून घेतलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या यादीत नव्हती. काशीच्या वाटेवर कोणी कोणाचं सीमांतपूजन करत नाही. आमच्यात वरपक्ष गावाच्या शिवेवर आला की मुलीच्या बापाने सामोरं जायचं, नवरदेवाचे अन् चार वडीलधाऱ्यांचे पाय धुवायचे, मग मंडळी गावात शिरते. पण चिखलदरा ना आमचं गाव ना त्यांचं, तर शीव कुठली धरायची? बाबांनी मनाशी ठरवलं की बंगल्याअलीकडचा नाका. वकीलसाहेबांना ते कोणी कळवलंच नाही. बाबांना वाटलं यात्रावाला कळवेल, यात्रावाल्याला वाटलं हा व्याह्यांचा आपसातला मामला.

आम्ही आदल्या दिवशीच वर पोचलो. लग्नाच्या सकाळी मला हळद लागली. मुहूर्त गोरजाचा होता. वरपक्षाची मोटार नऊला यायची, ती दहा वाजले तरी आली नाही. मग त्यांना वाट दाखवायला खाली गेलेली यात्रावाल्याची मोटार आली ती रिकामी, नुसता निरोप घेऊन. वकीलसाहेब माणसांसकट परतवाड्याला, घाटाच्या पायथ्याशी उतरून बसले होते. त्यांचं म्हणणं, घाट सुरू झाला म्हणजे तुमची हद्द सुरू झाली. पाय धुतल्याशिवाय आम्ही हद्दीत येणार नाही.

बाबांनी तांब्या, परात, नवा पंचा घेतला अन् त्याच मोटारीत बसून खाली गेले. दुपारी दोनला परत आले ते धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, दोन्ही गुडघ्यांना माती. मागून वरपक्षाची मोटार. आईने विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, "झालं पूजन. पानं वाढा."

पाहुणे जेवायला बसले. पंगतीत कोणाला वरण पातळ लागलं, कोणाला पाण्याला वास आला, एकाने तर बंगल्याच्या पांढऱ्या भिंतीवर पान थुंकून वर हात पुसायला फडकं मागितलं. ह्या लोकांची मला शिसारी आली. अहो, खाता कोणाचं अन् नाकं कोणाला मुरडता?

यात्रावाला मागच्या दाराशी हारांच्या टोपल्या ठेवायला आला होता. मी त्याला थांबवलं अन् विचारलं, खाली काय झालं ते खरं सांगा.

तो आधी तयार होईना. मग मान खाली घालून म्हणाला, "ताई, पाच जणांचे धुवाचे असतात. वकीलसायबानं मोटार स्टँडवरचे बाक मांगवले. साऱ्या बाप्या माणसायले बसवलं. सव्वीस जण. मास्तर एकेकासमोर बसत गेले."

"माझे बाबा?"

"हो. मी म्हटलं, मी धुतो बाकीच्यायचे. वकील म्हणे, तुह्या हातचं नाई चालत."

 अजून एक विचारायचं राहिलं होतं. मुलाचा बाप असा असतो, चुलते असे असतात, पण मला जन्म काढायचा होता तो एकाबरोबर. मी विचारलं, नवरदेव काही बोलले का?

यात्रावाला टोपलीतली फुलं सारखी करू लागला. "बोलले. पिंपातलं पानी उन्हानं तापलं होतं. म्हणे, पोळून राहिलं, विहिरीचं थंडं आना. आनलं. मंग पुन्हा पाय पुढं केले."

मला जी किळस आली ती अंगावरच्या हळदीसकट खरवडून काढावीशी वाटली. सव्वीस जणांत हा एकच माणूस असा होता की ज्याच्या एका शब्दावर बाबा उठून उभे राहिले असते. त्याने शब्द खर्चला तो थंड पाण्यासाठी. भैताड मेला.

बाबा मागच्या ओसरीवर एकटेच बसले होते. मी जाऊन सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही.

बाबांनी माझ्यावर आवाज कधी चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. "येडी झाली का तू? पुढं बोहला उभा आहे, माणसं जेवून राहिली. अन् मी त्या सव्वीस जणांपुढं मातीत बसलो तो कशासाठी? तुझं घर बसावं म्हणूनच ना?"

"माझं घर बसल्यावर मला तिथे कोणाकोणाचे पाय धुवावे लागतील, बाबा?"

"सगळ्यांचे," बाबा ताडकन म्हणाले. "सासरी सगळ्याच पोरी धुतात. त्यात काय मोठं?"

बोलून गेले खरे, पण मग माझ्याकडे बघेनात. आतून पंगतीतला हसण्याचा आवाज येत होता, कोणीतरी मठ्ठा आणा म्हणून ओरडत होतं. बाबांनी पंच्याने तोंड पुसलं. माझी तर आशाच सुटली होती. आता मला हाताला धरून आत नेतील असं वाटलं.

ते उठले, पायऱ्या उतरून यात्रावाल्यापाशी गेले.

"गाडी लावा. बायकांना आधी बसवा. भांडी मागून आणा."

यात्रावाल्याने हातातली टोपली खाली ठेवली. "वकीलसायबायले काय सांगू, मास्तर?"

"सांगा," बाबा म्हणाले, "पोरीले घेऊन तिचा बाप घरी गेला."