उमेदवाराच्या घरचा चहा

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते पिठासारखे असतात, झटकले तरी अंगावर राहतातच. हे मी अनुभवाने सांगते. आमच्या साप्ताहिकाचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळ गावठाणात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या माळ्यावर आहे. आमच्याकडे कॉम्प्युटरपासून संपादकांच्या मिशीपर्यंत सगळ्यावर पीठ असतं. परवा कॉलेजचा ग्रुप जमला आणि सगळे मागे लागले, "ए, तुमच्या त्या सुभेदारांचे किस्से सांग ना!" म्हटलं, सांगते, पण एकाच निवडणुकीतले. सगळे सांगत बसले तर चहा चारदा गरम करावा लागेल.

सुभेदार म्हणजे पास्कल मिस्किटा. इथल्याच गावठाणातले, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून आमच्याकडे वितरण बघायला आले. आमचे संपादक नाडकर्णी सर. आणि मी, म्हणजे आख्ख्या पेपरची एकुलती एक रिपोर्टर.

नाडकर्णी सरांचे निवडणुकीचे नियम दोनच. पहिला, प्रत्येक उमेदवाराला सारखीच जागा. दुसरा भिंतीवर पाटी करून लावलेला: "उमेदवाराच्या घरी चहा नाही. नगरसेवकाच्या घरी पाणीही नाही." सर म्हणायचे, "चहा प्यायला की बातमीत साखर पडते." मी पाच वर्षांत त्या पाटीकडे फारसं पाहिलं नव्हतं. सुभेदारांनी ती पहिल्याच दिवशी पाठ केली.

*

महापालिकेची निवडणूक लागली आणि सरांनी जागा मोजायचं काम सुभेदारांना दिलं. सरांना वाटलं, ते साधारण नजर टाकतील. सुभेदार दुसऱ्या दिवशी स्टीलची फूटपट्टी घेऊन हजर!

आमच्या वॉर्डात तेव्हा दोन मुख्य उमेदवार होते. एक बंटीशेठ, केसांचा हा एवढा कोंबडा, डोळ्यांवर गॉगल. दुसरे मोरेकाका, बँकेतून रिटायर झालेले, डोक्यावर एक केस नाही. पहिल्या अंकासाठी दोघांचे फोटो आले. आमचा डिझायनर राजेश याने दोन्ही सारख्या चौकटीत बसवले.

सुभेदार म्हणाले, "चौकट सारखी आहे, डोकी सारखी नाहीत. हनुवटी ते कपाळ, दोघांचं तीन सेंटिमीटर पाहिजे."

मोरेकाकांचं कपाळ नेमकं कुठे संपतं यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी भुवयांपर्यंत मोजायचं ठरलं. त्या हिशेबाने बंटीशेठचा फोटो मोठा करावा लागला आणि त्यांचा कोंबडा चौकटीबाहेर गेला.

राजेश घाबरला. "काका, बंटीशेठचे केस कापले जातायत!"

सुभेदार फूटपट्टी पुसत म्हणाले, "भरती झाल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांचेच कापतात."

*

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तिसरा उमेदवार आला. अपक्ष. श्रीमती फिलोमिना मिस्किटा.

म्हणजे सुभेदारांची बायको!

फिलोमिना वहिनींच्या गल्लीत एक उघडं गटार आहे. त्यात दोन पावसाळ्यांत तीन शाळकरी पोरं पडली होती. वहिनींनी वॉर्ड ऑफिसला इतक्या खेपा घातल्या, की तिथल्या शिपायाच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण त्यांना आलं, पण झाकण काही आलं नाही. "आता मीच जाते तिकडे," म्हणाल्या आणि अर्ज भरला. घरात विचारलं वगैरे नाही. सुभेदारांना ही बातमी माझ्याकडून कळली.

सुभेदारांनी लगेच राजीनामा लिहिला. सरांनी तो फाडला. "तुमच्यावर भरवसा नसता तर फूटपट्टी दिली असती का? काम करा."

सुभेदार "येस सर" म्हणाले. मग भिंतीवरच्या पाटीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, वाचतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी जेवायला गेले नाहीत. समोरच्या हॉटेलातून इडली आणली. तिसऱ्या दिवशीही इडली. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उमेदवाराच्या घरी चहा नाही, तर जेवण कुठलं?

"अहो सुभेदार, नियम आम्हाला आहे. ते तुमचं स्वतःचं घर आहे!"

"उमेदवाराचंही तेच घर आहे ना?"

झोपायला घरी जायचे, खायला नाही. पाणीसुद्धा ऑफिसातून बाटली भरून न्यायचे. आणि घर कुठे, तर आमच्या मागच्याच गल्लीत. बरोबर साडेबाराला खिडकीतून, गावठाणात वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतात त्या 'बाटली मसाल्यात' तळलेल्या बोंबलांचा वास यायचा. वहिनी मुद्दाम खिडकीशी चूल मांडून तळतात, असा राजेशला दाट संशय होता. सुभेदार इडलीचा तुकडा तोडायचे, वास घ्यायचे आणि मान खाली घालून खायचे. खरं सांगते, मला हसू यायचं, आणि तरी मी उठून खिडकी लावून घ्यायचे.

*

मग आला बंटीशेठचा 'माजी सैनिक सत्कार सोहळा'.

सहा निवृत्त सैनिक बोलावले होते. पत्रकार म्हणून मी, सैनिक म्हणून सुभेदार. ते छातीवर मेडल लावून, बूट चमकवून दहाच्या ठोक्याला हजर. बंटीशेठ आले साडेबाराला. सगळे सैनिक सत्तरीच्या आसपासचे, अडीच तास उन्हात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले. एकाला ऐकू येत नव्हतं, एकाच्या गुडघ्यात रॉड होता. पाणी विचारायलाही कोणी आलं नाही. मला अक्षरशः संताप आला होता.

सत्कार सुरू झाला. पहिल्या सैनिकाच्या खांद्यावर शाल घातली, फोटो काढला. कार्यकर्त्याने मागून अलगद शाल काढली आणि दुसऱ्याच्या खांद्यावर घातली. फोटो. परत काढली. तिसऱ्याला. फोटो!

शाल एकच होती!

सुभेदार शेवटचे, सहावे. शाल अंगावर आली, फोटो झाला, कार्यकर्त्याने मागून हात घातला. सुभेदारांनी शाल घट्ट धरली, बंटीशेठना कडक सॅल्यूट ठोकला आणि मागे वळून चालायला लागले.

कार्यकर्ता मागे धावला. "काका, शाल... शाल राहिली!"

"राहिली नाही. मिळाली."

रस्त्यावर आल्यावर त्यांनी ती शाल गुडघ्यात रॉड असलेल्या हवालदाराच्या खांद्यावर घातली. "तू पहिला होतास. तुझीच आहे," म्हणाले.

मी ऑफिसला येऊन पोटतिडकीने दीड कॉलम खरडला. सुभेदारांनी फूटपट्टी लावली. "बंटीशेठच्या वाटणीला आठ सेंटिमीटर शिल्लक आहेत."

"अहो, पण हे त्यांच्या विरुद्ध आहे!"

"विरुद्ध असलं तरी जागा त्यांचीच."

शेवटी आठ सेंटिमीटरमध्ये बसेल तेवढीच बातमी छापली. "बंटीशेठ यांच्या हस्ते सहा माजी सैनिकांचा एका शालीने सत्कार." बाकी काही लिहायची गरजच पडली नाही.

*

बंटीशेठ गप्प बसणारे नव्हेत. दोन दिवसांत चौकात बॅनर लागला. त्यावर सुभेदारांचा तोच शालीतला फोटो, मेडल लखलखतायत, आणि खाली ओळ: "माजी सैनिक बंटीशेठसोबत!"

नाडकर्णी सर लालबुंद झाले. "सुभेदार, खुलासा द्या. पहिल्या पानावर!"

सुभेदारांनी एका वाक्यात लिहून दिलं, "माझा श्री. बंटीशेठ यांना पाठिंबा नाही." मग खुर्चीत बसले. फूटपट्टी घेतली, खुलासा मोजला.

"सर, यात बंटीशेठना अडीच सेंटिमीटर जास्त गेले."

"अहो, तो खुलासा आहे!"

"नाव तर छापून येतंय ना? बाकीच्यांनाही अडीच-अडीच द्यावे लागतील."

त्या अंकात पहिल्या पानावर एकाखाली एक तीन चौकटी आल्या. सुभेदार मिस्किटा यांचा बंटीशेठना पाठिंबा नाही. सुभेदार मिस्किटा यांचा मोरेकाकांना पाठिंबा नाही. सुभेदार मिस्किटा यांचा श्रीमती फिलोमिना मिस्किटा यांना पाठिंबा नाही.

मोरेकाकांचा फोन आला, "मी कधी मागितला होता?"

वहिनींचा फोन आला नाही. त्यांनी ती तिसरी चौकट कापून फ्रिजवर चिकटवली, अगदी मधोमध.

*

पुढच्या आठवड्यात मोरेकाका स्वतः जिना चढून ऑफिसात आले. धापा टाकत, हातात आमचा अंक.

"हा काय अन्याय चाललाय? वहिनींचा फोटो बघा! आमच्यापेक्षा लहान लावलाय!"

आम्ही सगळे चाट. विरोधी उमेदवार वहिनींसाठी भांडतोय!

"अहो काका, तुम्हाला काय त्रास?"

"मला काय त्रास? गावठाणातल्या बायका म्हणतायत, बिचारीला नवराच दाबतो! सगळी सहानुभूती तिकडे चाललीय! माझी वाट लागली ना इथे!"

सुभेदारांनी फोटो मोजला. खरंच दोन मिलिमीटर कमी होता. कोणी बोट दाखवायला नको म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानेच बायकोचा फोटो बारीक केला होता.

नाडकर्णी सर त्यांच्यावर तेव्हा पहिल्यांदा रागावले. "आपल्या माणसाला जास्त देणं हा पक्षपात, तसा कमी देणं हाही पक्षपातच. तिचं जे आहे ते तिला द्या."

सुभेदारांचा चेहरा उतरला. असा उतरलेला मी आधी पाहिला नव्हता. पुढच्या अंकात 'दुरुस्ती' छापली: "गेल्या अंकात श्रीमती मिस्किटा यांचे छायाचित्र दोन मिलिमीटर लहान छापले गेले. चूक सुभेदार मिस्किटा यांची. क्षमस्व."

वहिनींनी तीही कापून फ्रिजवर लावली. पहिलीच्या शेजारी.

*

मतदानाआधीच्या शेवटच्या अंकात तिघांची मुलाखत असते. तिघांना तेच तीन प्रश्न, उत्तराला प्रत्येकी पाच ओळी. दोघांच्या मी घेतल्या आणि नेमकी तापाने आडवी झाले. वहिनींची मुलाखत घ्यायला सुभेदार गेले.

हे मला वहिनींनीच नंतर सांगितलं. स्वतःच्या घराची किल्ली खिशात असताना सुभेदारांनी बेल वाजवली. गळ्यात आमचं ओळखपत्र.

"नमस्कार. साप्ताहिकाकडून आलोय."

वहिनीही काही कमी नाहीत. "या, बसा," म्हणाल्या आणि पाहुण्यांची खुर्ची दिली. मग आतून चहा आणि फुग्यांची, म्हणजे गावठाणातल्या त्या तळलेल्या गोल पावांची, बशी आणून समोर ठेवली. गरम गरम फुगे! सुभेदारांनी बशीकडे पाहिलं आणि वही उघडली.

पहिला प्रश्न, का उभ्या राहिलात? "गटारासाठी." दुसरा प्रश्न, निवडून आल्यावर पहिलं काम? "गटारावर झाकण." तिसरा प्रश्न, तुमच्या मार्गातला सगळ्यात मोठा अडथळा?

"समोर बसलाय तो!"

सुभेदारांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. आणि आम्ही तो जसाच्या तसा छापला, कारण मोरेकाकांचं आणि बंटीशेठचं उत्तरही आम्ही बदललं नव्हतं. अंकात मुलाखतीच्या शेवटी कंसात एक ओळ होती: "उमेदवाराने चहा व फुगे देऊ केले. नाकारले."

*

मतदान झालं. वहिनी ऑफिसात डबा घेऊन आल्या. "झालं ना आता मतदान? खा!"

सुभेदार म्हणाले, "निकाल लागेपर्यंत तू उमेदवारच आहेस."

वहिनी डबा उचलून तशाच जिना उतरल्या.

मतमोजणीच्या दिवशी मी आणि सुभेदार केंद्राबाहेर फुटपाथवर उभे होतो. त्यांचा बेल्ट दोन भोकं आत गेला होता. पहिल्या फेरीत वहिनी पुढे! गावठाणातली पोरं नाचायला लागली. मी सुभेदारांकडे पाहिलं. माणसाचा ऊर भरून आला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी एक हात पोटावर होता. दुसऱ्या फेरीतही वहिनी पुढे. मला पाटीवरचं दुसरं वाक्य आठवलं: नगरसेवकाच्या घरी पाणीही नाही. तिसऱ्या फेरीत मोरेकाका वर आले, आणि मग वरच राहिले. वहिनी थोडक्यात पडल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. पोरं बाजूला झाली. मलाही रडू येत होतं. ते गटार आता पुन्हा वॉर्ड ऑफिसच्या खेपांवर गेलं, एवढंच डोक्यात येत होतं.

सुभेदार पुढे झाले, टाचा जुळवल्या आणि बायकोला कडक सॅल्यूट केला. बंटीशेठना केला होता तसा नाही. हात कपाळाशी बराच वेळ तसाच राहिला.

वहिनींनी नाक पुसलं. पिशवीतून डबा काढला. दोघं तिथेच फुटपाथच्या कठड्यावर बसले. झाकण उघडलं, बोंबलांचा वास सुटला आणि सुभेदार असे तुटून पडले की पहिले दोन बोंबील काट्यासकट गेले.

चौथ्या बोंबलाला त्यांनी मान वर केली. तोंड भरलेलं होतं.

"रडू नको, फिलू. पुढच्या वेळेला तू शंभर टक्के निवडून येतेस बघ."

वहिनींनी डबा त्यांच्या मांडीवर सरकवला.

"मग आत्ताच पोटभर खाऊन घे!"