काकांची चांदमारी

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले, आणि तिथून कधी कोण साहेब येईल याचा नेम नसे. आमच्या जिल्ह्यात आलेल्या नव्या साहेबाच्या डोक्यात नेमबाजी होती. ज्याला नेम साधत नाही त्याच्याकडे बंदूक कशाला, असं त्याचं म्हणणं. परवानेवाल्यांनी बुलढाण्याच्या माळावर चांदमारीला यावं. ज्याची एकही गोळी लागणार नाही त्याचा परवाना रद्द, असा हुकूम सुटला. हुकूम आमच्या गावी, उंद्रीत पोचला तेव्हा काकूंनी विचारलं, चांदानं साहेबाचं काय घोडं मारलं? मलाही धड ठाऊक नव्हतं.

काकांकडे ठासणीची एक बंदूक होती. ज्वारी निसवून कणसं बाहेर आली की रानडुकरं येत, काका मचाणावरून बार काढत, डुकरं पळत. एवढ्यावर आमचं वर्षाचं धान्य घरी येई. बंदूक गेली की ज्वारी गेली, हे घरात सगळ्यांना कळत होतं. म्हणून थोडं इंग्रजी शिकलेल्या मला दुभाष्या म्हणून सोबत धाडलं.

माळावर कागदाचे तक्ते इतके लांब उभे केलेले की ते आहेत हे ऐकूनच मानायचं. ठासणीची बंदूक तिथवर पोचेना म्हणून साहेबानं सरकारी रायफल दिली. म्हणजे डुकरं हाकण्याचा हक्क परक्या बंदुकीनं न दिसणारा कागद फोडून सिद्ध करायचा. माझं टाळकंच फिरलं. त्यातून रायफल मारायची ती पोटावर निजून. चार गावांची माणसं बघताहेत आणि काका फेटा सावरत पालथे पडलेत. शिपाई म्हणाला, श्वास धरा. काकांनी तो इतका वेळ धरला की मीच घाबरलो.

तक्त्यांखाली खंदकात माणसं बसलेली. गोळी लागली की ती काठीवर चकती वर करत. हुकली की लाल निशाण हलवत. हे मला शिपायानं सांगितलं, काकांना कुणीच नाही. शेजाऱ्याला नुसती चकती आणि आपल्याला निशाण, हे पाहून काका फुलले. दर गोळीला निशाण हले, काका उठून साहेबाला रामराम घालत आणि उंद्रीची मंडळी टाळ्या पिटत. हसावं की रडावं मला कळेना.

शेवटी साहेबानं विचारलं, एकही गोळी लागली नाही, तरी हा माणूस खूश का? मग मी काकांच्या कानात खरं ते सांगितलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ते म्हणाले,

“साहेबाले सांग, आपल्या बंदुकीनं आजवर चिमणीबी मेली नाही. तिचा आवाज होते, डुकरं पयतात. एवढंच काम हाय तिचं.”

मी तसंच सांगितलं. साहेब विचारात पडला. गोष्ट खरी आहे, म्हणाला. पण नुसता आवाजच हवा तर त्याला बंदूक कशाला? आणि बंदूक तहसिलीत जमा झाली.

त्या हंगामात दिवस मावळला की काका मचाणावर चढत आणि तोंडानं ‘ठो’ करत. सुरुवातीला डुकरं खरंच पळाली. मग त्यांना कळलं. काकांचा आवाज पार बसला तेव्हा काकू वर चढून ओरडू लागल्या, आणि काका खाली डबा बडवत बसले.

खळ्यावर ज्वारी आली ती निम्मी. रास बघायला काका आलेच नाहीत.