ह्यांच्या कपाळावरची रेघ

आमचे हे सत्तावीस वर्षं चष्म्याच्या एकाच दुकानात आहेत. डोळे तपासणं हे त्यांचं काम नव्हे. नंबर निघाला की काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची आणि ती फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकाकानांवर नीट बसेपर्यंत वाकवायची, हे त्यांचं काम. लोकांना वाटतं, चष्मा सरळ असला की झालं. ह्यांचं म्हणणं असं की सरळ चष्मा कोणालाच सरळ बसत नाही. कोणाचा एक कान वर, कोणाचं नाक एका अंगाला. "चेहरा जेवढा वाकडा, तेवढाच चष्मा वाकडा करायचा. मग तो सरळ दिसतो," असं ते नव्या गिऱ्हाइकाला हमखास सांगतात. दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायची एक लहानशी पट्टी त्यांच्या खिशात कायम असते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

मी रोज वहीत एक पान लिहिते. सकाळी देवाजवळ बसून उठले की आधी पान, मग स्वयंपाक. पुढचं सगळं त्या वहीतूनच उतरवते आहे, त्यामुळे दिवस चुकायचे नाहीत. माझं काय चुकलं तेही त्यात आहे.

ह्यांचे केस तिशीतच मागे हटायला लागले आणि चाळिशी उलटेपर्यंत कानांच्या वर एक झालर तेवढी उरली. मला त्याचं काही वाटलं नाही. पण ह्यांचं दुकान म्हणजे चारी भिंतींना आरसे. दुसऱ्याच्या नाकावर चष्मा ठेवायला मान वर केली की समोर स्वतःचंच डोकं. मागच्या वर्षी एका कॉलेजातल्या मुलीने, तीही मोठ्या अदबीने, ह्यांना "आजोबा, जरा सैल करून द्या ना" म्हटलं. त्या दिवशी हे जेवायला बसले ते पहिल्या वाढीवरच उठले. दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

त्यानंतर महिन्याभराने, बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "एकवीस तारखेची सुट्टी घेतली आहे. केस लावून घेतोय."

"कुठे?"

"डोक्यावर. आणखी कुठे?"

"म्हणजे ऑपरेशन? कोणाला विचारलंत?"

"मॅडमना विचारलं. त्यांनीच डॉक्टर शोधून दिला."

मॅडम म्हणजे दोन वर्षांपूर्वी दुकानात आलेली डोळे तपासणारी. वहीत मी तिला डोळेवाल्या बाई लिहिते. वय पस्तिशीच्या आत. आवाज असा मऊ, की समोरच्या फळ्यावरचं शेवटच्या ओळीतलं अक्षर दिसत नसलं तरी माणूस दिसतं म्हणून मोकळा होईल. केस दाट, मानेशी कापलेले. दोन वर्षांत हिच्या नावाने आमच्या घरात काय काय आलं होतं! मॅडम म्हणतात साखर कमी करा. मॅडम म्हणतात निळा शर्ट चांगला दिसतो. निळा शर्ट मी घेतला होता, सहा वर्षांपूर्वी, आणि चांगला दिसतो असं तेव्हाच म्हटलं होतं.

आता डोक्याचंही त्यांनीच ठरवलं. मी पंचवीस वर्षं त्या डोक्याला तेल लावलं, ताप असताना त्याच्यावर पट्ट्या ठेवल्या, आणि मला बातमी मिळाली ती नाडीची गाठ बसल्यावर.

माझ्या नणंदेला हे कळलं तशी ती चहाला आलीच.

"वहिनी, एक विचारू? पन्नाशीत पुरुष केस लावतो, ते कोणासाठी गं?"

"तुमच्या दादालाच विचारा, वन्सं."

"विचारलं. म्हणाला, आरशासाठी."

"मग आरशासाठीच असेल. बिस्किट घ्या."

तिने बिस्किट घेतलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी वहीचं पान भरलं तरी लिहीत होते.

एकवीस तारखेला सकाळी सातला दवाखान्यात गेलो. आधी डॉक्टर कपाळावर रेघ काढतात, नवे केस कुठून सुरू होणार त्याची. त्या वेळी मला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने हे दाराशी आले, हिरवा झगा घातलेला, कपाळावर जांभळ्या पेनाची रेघ. पाहिलं, तर रेघ डावीकडे चढलेली. उजवीकडची बाजू खाली, डावीकडची बोटभर नसेल पण नखभर वर. एवढा नावाजलेला डॉक्टर आणि एक रेघ सरळ येत नाही.

"कशी वाटते?" ह्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "छान."

वाकडी आहे हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. तुमच्या मॅडमनी शोधलेला डॉक्टर आहे ना, मग बसू दे वाकडं. असं दुसऱ्या दिवशीच्या पानावर स्वच्छ लिहिलं आहे.

आठ तास लागले. डोक्याची मागची बाजू बधिर करून तिथले केस मुळासकट एकेक करून काढायचे आणि पुढे बारीक छिद्रांत एकेक करून लावायचे. डॉक्टर अधूनमधून येत-जात होते. बाकी सगळं काम तिघी मुली करत होत्या. दार उघडलं की त्या तिघींची पाठ दिसायची, ह्यांच्या डोक्यावर ओणवलेली. एक हसत होती. हे काहीतरी बोलले असणार. घरी हे आठ तासांत आठ वाक्यं बोलत नाहीत.

बाहेर आले तेव्हा डोकं लालबुंद, ठिपक्याठिपक्यांचं. म्हणाले, "घरातलंच सामान आहे. खोली बदलली फक्त." मला हसू आलं, पण हा विनोद आत आधी होऊन गेलेला आहे हे लक्षात आलं आणि ते अर्ध्यातच राहिलं.

दवाखान्याने सूचनांचा एक कागद दिला होता, मुंगीएवढ्या अक्षरांचा. दुसऱ्या दिवशी डोळेवाल्या बाईंनी त्याची मोठ्या अक्षरांत नक्कल करून दुकानातल्या माणसाबरोबर पाठवली. सुंदर अक्षर. हे पलंगावर पाठीशी तीन उशा लावून बसले होते, त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि माझ्याकडे दिला. "समोर चिकटव कुठेतरी. तुला बघायला बरं."

मी तो कपाटाच्या दारावर लावला. चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली, मारायची तेवढी. समोरची बाजू दहाव्या दिवसापर्यंतची होती. दर अर्ध्या तासाने खारट पाण्याचा फवारा. डोकं उंचावर ठेवून झोपणे. खाजवू नये. वाकू नये. तिसऱ्या दिवसापासून फेसाने हलकं धुणं, पाणी पेल्याने ओतणं. तिच्या अक्षरात आहे म्हणून मी ते एकदाच वाचलं आणि पाठ केलं, म्हणजे पुन्हा त्या दाराकडे पाहायला नको.

सेवेत मी काही कमी केलं नाही, हे देव जाणतो. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरली आणि हे बेडकासारखे दिसायला लागले. मला बरं वाटलं. असे कोणाला दाखवता येणार नाहीत, असे माझेच. फवारा मी मारायची, डोकं मी धुवायची, खपल्या नरम होऊन गळेपर्यंत श्वास धरून मी पाणी ओतायची. फोन मात्र तिचा यायचा. "मॅडम विचारतायत सूज कशी आहे." फवारा मारणारीला कोण विचारतंय?

अडचण आली ती देवाजवळ. हे रोज दुकानात जायच्या आधी देवासमोर वाकून डोकं टेकवतात. आता वाकायची मनाई. हे नुसते उभे राहिले, हात जोडून, अवघडल्यासारखे. मी म्हटलं, "तुमचा नमस्कार मी करते." आणि दहा दिवस मी दोनदा वाकत होते, एकदा माझा, एकदा ह्यांचा.

चौथ्या दिवशी मागे पुन्हा तिचा फोन आला. हे हसत बोलत होते. मी ह्यांच्या वतीने डोकं टेकवलेलं होतं, आणि त्याच नमस्कारात मी मागितलं की देवा, ह्यांचे हे केस लागू देऊ नकोस.

त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे: आज जे मागितलं ते इथे लिहिणार नाही.

दहाव्या दिवशी खपल्या गेल्या. खाली बारीक, काळे, उभे केस. हे दिवसातून दहादा आरशासमोर. दुकानात टोपी घालून जायला लागले. मी मागितलेलं देवाने ऐकलेलं दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी ते विसरायलाही लागले होते.

विसाव्या दिवशी उशीच्या अभ्र्यावर सात केस मिळाले. बाविसाव्या दिवशी मोजता येईनात. टोपीत केस, टॉवेलवर केस. मी अभ्रा बाथरूममध्ये नेऊन झटकला आणि तिथेच बसले. पंचवीस वर्षं देवाकडे किती काय मागितलं, त्यातलं निम्मं त्याच्या कानावर गेलं नाही. आणि हेच नेमकं ऐकलं. तेही ह्यांच्याच नमस्कारातून मागितलेलं.

दोन दिवस मी जेवले नाही. वाकून वाकून उलट मागितलं, तरी अभ्र्यावर रोज केस. तिसऱ्या दिवशी हे डबा घ्यायला स्वयंपाकघरात आले, तेव्हा मी ओट्याकडे तोंड करूनच सांगितलं.

"तुमचे केस माझ्यामुळे गळतायत."

"तेल बिल लावलंस की काय?"

"नाही. मी देवाला तसं मागितलं. तुमच्या नमस्कारात."

हे ओट्याशी आले. मग विचारलं, "कशासाठी?"

"तुम्ही मला विचारलं नाहीत म्हणून. तिला विचारलंत म्हणून."

ते खोलीत गेले. कपाटाच्या दारावरची चिकटपट्टी ओरबाडल्याचा आवाज आला. कागद घेऊन आले आणि उलटा करून ओट्यावर ठेवला. मागच्या बाजूला तेच सुंदर अक्षर: तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केस गळतात. मूळ आत राहतं. घाबरू नये. चौथ्या महिन्यापासून नवे येतात. त्याच्याखाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, वहिनींना हे आधी सांगा, त्या घाबरतील.

"दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं," हे म्हणाले. "तू मागची दाराला चिकटवलीस."

मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. डबा उचलला, परत ठेवला. "पण मागितलंस ना तू," एवढं म्हणून तसेच गेले. डबा ओट्यावर.

चार दिवस ह्यांनी माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. पाचव्या दिवशी ते देवासमोर स्वतः वाकले, आता मनाई नव्हती, आणि उठताना म्हणाले, "तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"नको म्हटलं असतं."

"म्हणून विचारलं नाही. मला नको ऐकायचं नव्हतं. तिला विचारणं सोपं होतं, तिला काय फरक पडतो?"

हे उत्तर मला पुरलं असं नाही. पण खोटंही वाटलं नाही. मी डबा भरला, आणि ह्यांनी तो नेला.

चौथ्या महिन्यात कपाळाच्या वर लव दिसायला लागली. सातव्या महिन्यात भांग पडला. हे दहा वर्षांनी लहान दिसायला लागले आणि मी आहे तेवढीच. नणंद म्हणाली, "वहिनी, आता तू दादाची मोठी बहीण शोभतेस." मी तिला त्या दिवशी बिस्किट दिलं नाही.

माझा चष्मा बदलायचा होता, म्हणून मी गेल्या आठवड्यात दुकानात गेले. डोळेवाल्या बाईंनी माझे डोळे तपासले. आवाज खरंच मऊ आहे. मग बाहेर आल्या आणि ह्यांच्याकडे मान तिरकी करून पाहत म्हणाल्या, "सगळं छान झालं हो, फक्त डावी बाजू जरा चुकली डॉक्टरांची. केव्हापासून सांगेन म्हणते. वर गेली आहे ना थोडी, वहिनी?"

हे माझी फ्रेम वाकवत होते. मान वर न करता म्हणाले, "चुकली नाही. डॉक्टर रेघ सरळच काढत होते. मी ती पुसायला लावली आणि पट्टीने मोजून डावीकडे वर घेतली. आधी तशीच होती."

"आधी म्हणजे?"

"हिला विचारा. तुम्ही पाहिलं नाहीये."

मी ह्यांच्या कपाळाकडे पाहिलं. लग्नाच्या वेळी हे भांग उजवीकडे पाडायचे, आणि डावीकडे केस असे चढलेले असायचे की मला वाटायचं कोणीतरी घाईत कात्री मारली आहे. पुढे केसच गेले, तेव्हा तेही गेलं. दवाखान्याच्या दारात ह्यांनी कशी वाटते विचारलं, तेव्हा हेच विचारलं होतं. आणि मी छान म्हटलं होतं, वाकडी आहे असं समजून.

"अशीच होती," मी म्हटलं. "अगदी अशीच."

ह्यांनी चष्मा माझ्या नाकावर ठेवला, दोन पावलं मागे झाले, पुन्हा काढून उजवी काडी किंचित वाकवली. पट्टी खिशातून काढलीच नाही. परत घातला तेव्हा सगळं लख्ख दिसलं, आणि मी आधी डोळेवाल्या बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं.