इंदूमावशीने तेलाची बाटली बंद केली

गेल्या महिन्यात एका मंगळवारी रे रोडला सिग्नलवर आमची टॅक्सी उभी होती आणि मागून एका गाडीने धाडकन ठोकलं. माझी मान पुढे गेली, झटक्यात मागे आली... आणि मी खाली उतरले ती थेट भाषणालाच. त्या गाडीवाल्याला नागरिकशास्त्र शिकवण्यात वीस मिनिटं घालवली. स्वतःच्या मानेकडे बघायला एक मिनिटही नाही.

बुधवारी सकाळी मान जागची हलेना. रविवारी परळला माझं व्याख्यान होतं, विषय वैज्ञानिक दृष्टिकोन... त्याआधी मान सुटायलाच हवी होती.

मग सुरू झाले सल्ले. आमच्या लालबागच्या चाळीत कुणाची मान अवघडली की दारादारांत डॉक्टर उभे राहतात. शेजारच्या काकांचं म्हणणं, सलूनमध्ये जाऊन एकदा कडकन मोडून घे. एकीने उशी काढायला सांगितली, दुसरीने दोन घ्यायला. नणंद तर लाटणं घेऊनच आली. नकार द्यायला मान हलत नव्हती, त्यामुळे सगळ्यांना वाटलं बाई निमूट ऐकतेय.

दवाखान्यासाठी मात्र मला वेळ नव्हता. गुरुवारी खालच्या मजल्यावरच्या इंदूमावशीकडे गेले. बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना मालिश करण्यात तिचं आयुष्य गेलंय. म्हटलं, चांगलं जोर लावून रगड, रविवारी मला उभं राहायचंय.

तिने तेल कोमट केलं, माझ्या मागे बसली... आणि हात लावायच्या आधी विचारलं, "बोटांना मुंग्या येतात काय गो?"

येत होत्या. उजव्या हाताच्या दोन बोटांना, आदल्या दिवसापासून. घरात बोलले नव्हते... बोलले असते तर रविवार हातचा गेला असता.

मावशीने बाटलीला बूच लावलं. "मानेचा फोटो काढून आण. त्याशिवाय मी हात लावायची नाही. लोकांना सांगत फिरतेस ना, आधी तपासा म्हणून? मग तुझीच मान काय जगावेगळी?"

इतकी चिडले मी... पण दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना गाठला.

शुक्रवारी तपासण्या झाल्या. हाड शाबूत, पण नस दबलेली. त्या दिवशी कुणी रगडलं किंवा मोडलं असतं तर हातावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. व्याख्यान पुढे गेलं. माझे पंधरा दिवस पट्टा, औषधं आणि फिजिओथेरपीत गेले... आणि चाळीच्या चौकशांत.

काल फिजिओथेरपिस्टने हलक्या मालिशला परवानगी दिली. मावशीने ती चिठ्ठी मागून घेतली, तिला अक्षर लागत नाही म्हणून सुनेकडून दोनदा वाचून घेतली आणि मगच बाटली उघडली. फक्त खांद्यांना, हलक्या हाताने... तीन आठवड्यांत पहिल्यांदा खांदे कानांपासून खाली आले.

राहिलेलं व्याख्यान पुढच्या रविवारी आहे. मावशीला पहिल्या रांगेत बसवणार आहे, आणि सुरुवात तिने हात लावायच्या आधी विचारलेल्या त्या प्रश्नानेच करणार आहे.