चिलीची पोरगी आणि मतदार यादी

मुलगा युनिव्हर्सिटीला गेला, घरातली छोटी खोली रिकामी झाली आणि मी ती भाड्याने द्यायचं ठरवलं. नवऱ्याला काही ते पसंत नव्हतं. इथे इंग्लंडात, रीडिंगमधल्या आपल्या मराठी लोकांत कुणी भाडेकरू ठेवला की घरात काहीतरी अडचण आहे, असं समजतात म्हणे. समजू देत. मला घरात कुणाचा तरी आवाज हवा होता, बाकी काही नाही.

तर आली ती चिलीची पोरगी. चोवीस वर्षांची, संगीत शिकवण्याचा कोर्स करायला आलेली, पाठीला गिटार आणि केस कायम ओले. इंग्रजी माझ्यासारखंच, म्हणजे बरोबर, पण दुसऱ्याच कुठल्या तरी गावचं. पहिल्याच आठवड्यात तिला सांगून टाकलं की मला काकू म्हणायचं. ती म्हणायला लागलीही. प्रश्न विचारायची एवढी हौस असलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि मी जीपी सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनला बसते, म्हणजे बघा. मोहरी का तडतडते, देवाला झोप का लागते, नवऱ्याशी तुम्ही मराठीत भांडता आणि मुलाशी इंग्रजीत, ते का? मी म्हटलं, कारण मुलाला मराठीत भांडण कळत नाही.

एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते आणि ती समोर बसून काड्या वेगळ्या करायच्या सोडून पानंच फाडत होती. तिनं विचारलं, तुमचा आदर्श कोण? मी क्षणभरही विचार न करता सांगितलं, माझे वडील.

अण्णा कराडजवळच्या एका गावात झेडपीच्या शाळेत मास्तर होते. दर निवडणुकीला त्यांना ड्यूटी लागायची. मतदान केंद्राध्यक्ष. आदल्या दिवशी मतपेटी आणि सामानाच्या पिशव्या घेऊन एसटीने कुठल्या तरी आडगावी जायचे, तिथल्या शाळेत फरशीवर झोपायचे, दुसऱ्या दिवशी रात्री पेट्या जमा करून परत. एकदा कुणा पुढाऱ्याच्या पोराला त्यांनी केंद्राबाहेर काढलं होतं आणि नंतर दोन वर्षं बदलीची धमकी सोसली होती. आमच्या घरात देवाची पूजा एखाद्या दिवशी चुकली तर चालायची, पण मत न देणाऱ्या माणसाला अण्णा चहा विचारायचे नाहीत. हे सगळं मी तिला इतकं रंगवून सांगितलं की मलाच माझं कौतुक वाटलं.

मग तिनं तिचं सांगितलं. तिच्या शाळेत एक गाण्याचे मास्तर होते. गिटार धरायला त्यांनी शिकवलं, श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं, तिच्या घरी जाऊन आईबापांशी वाद घातला की हिला संगीतच करू द्या. ती त्यांना देवासारखं मानायची. आणि मग तिच्या देशात एक मोठी निवडणूक झाली आणि हिला कळलं की मास्तरांनी नेमकं त्या बाजूला मत दिलं, ज्या बाजूचं नाव काढलं तरी हिच्या अंगाचा तिळपापड होतो. वर्षभर ती त्यांच्याशी बोलली नाही. गाणंही बंद केलं.

"मग?" मी विचारलं.

"मग एक दिवस गिटार उचलली, काकू, आणि बघते तर हात त्यांनी शिकवला तसाच पडला. त्यांच्याशी भांडण आहेच अजून. पण हाताचं काय करू?"

मला ते काही पटलं नाही. माणूस आदर्श तर आदर्श, नाही तर नाही. अधलंमधलं काय असतं? तिला म्हटलंही तसं. ती म्हणाली, तिच्या डोक्यात अजून त्या विरुद्ध बाजूच्या प्रचाराचं गाणं वाजतं. चाल इतकी चांगली होती की भांडी घासताना ती गुणगुणते आणि मग स्वतःलाच शिव्या देते. मग मीही तिला आमच्याकडच्या प्रचाराच्या रिक्षा सांगितल्या, लावणीच्या चालीवर उमेदवाराचं नाव कोंबून कर्णा लावून फिरणाऱ्या. तिनं ती चाल म्हणून दाखवायला लावली. मी म्हटली. नवरा जिन्यावरून वाकून बघून गेला.

डिसेंबरात तिच्या देशाची निवडणूक होती, तेव्हा ती सकाळच्या ट्रेनने लंडनला, त्यांच्या वकिलातीच्या केंद्रावर मत द्यायला गेली. थंडीत दोन तास रांगेत उभी राहिली, कुणी तरी खिमा भरलेल्या करंज्यांसारखं काहीतरी वाटलं, कुणी गाणी म्हटली, आणि परत आली ती नाक लाल करून पण एकदम खुशीत. तिच्याकडे म्हणे मतदान केंद्रावर बसायला साध्या लोकांचीच नावं चिठ्ठ्या टाकून काढतात, सुटका नाही. एकोणिसाव्या वर्षी तिचं नाव निघालं होतं. तिथल्या तिथे मोजणी, एकेक मतपत्रिका उघडून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. दुसऱ्या दिवशी हिचा घसा बसलेला. म्हणजे अण्णांचीच जात! मला तिच्याबद्दल एकदम माया वाटली.

तेव्हाच तिनं विचारलं, तुम्ही इथे कुठे जाता मत द्यायला?

मी सांगितलं, माझा पासपोर्ट अजून इंडियन आहे. नवरा आणि मुलगा ब्रिटिश झाले, मी नाही झाले. मुंबईच्या विमानतळावर परदेशी लोकांच्या रांगेत मी उभी राहणार नाही, हा माझा हट्ट. मग मत कुठलं? ब्रिटिश पासपोर्ट आला की मत येतं. हे मी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर नव्या येणाऱ्यांनाही सांगत आले होते, आणि चांगलं ठासून. ती नुसती मान हलवत राहिली.

मार्चमध्ये कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. दरवर्षी येतं. घरात कोणाकोणाची नावं मतदार यादीत आहेत ते कळवणारं. नवरा त्यावर नजर टाकतो आणि रीसायकलिंगमध्ये टाकतो. या वेळी ते आधी तिच्या हाती लागलं. किचनच्या टेबलावर बसून तिनं ते अथपासून इतिपर्यंत वाचलं, फोनवर काहीतरी शोधलं, आणि पत्र माझ्यासमोर ठेवून एका ओळीवर बोट टेकवलं. इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना मत आहे. खालच्या यादीत भारत. चिलीचं नाव अर्थातच नव्हतं.

"मला इथे मत नाही, आणि तुम्हाला आहे? आणि एवढी वर्षं तुम्ही...?" एवढंच म्हणून ती थांबली.

कपाळावर हात मारायचंही सुचलं नाही मला. इथे येऊन एकोणीस वर्षं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मलाही तसंच वाटत होतं, सगळे तसंच तर म्हणतात. सगळे म्हणजे कोण, तर मीच. मी ग्रुपवर सांगितलेलंच फिरून त्याच्यापर्यंत आलं होतं. त्याच्यावर ओरडायचीही सोय राहिली नाही.

पण खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते मी त्या रात्री जेवताना तिला सांगितलं. नवऱ्यालाही तेव्हाच कळलं. मी आयुष्यात कधीच मत दिलं नव्हतं. इथे तर नाहीच, भारतातही नाही. कॉलेजला पुण्यात होस्टेलवर, नाव गावच्या यादीत, आणि मतदान नेमकं परीक्षेच्या आगेमागे. मग लग्न झालं. माहेरच्या यादीतून नाव कापलं गेलं आणि सासरच्या यादीत ते कुणी घातलंच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या निवडणुकीला अण्णांचा फोन आला, मत दिलंस का? सासूबाई शेजारी बसलेल्या. यादीत नाव नाही असं म्हटलं असतं तर तो सासरचा ठपका झाला असता. मी म्हटलं, हो अण्णा. तिथून जी सुरुवात झाली ती झालीच. इथे आल्यावरही इकडची निवडणूक मराठी पेपरात वाचून ते फोन करायचे, मत दिलंस का, आणि मी हो म्हणायचे. तोवर तरी मनाची समजूत होती की हक्कच नाही तर द्यायचं कुठून. आता तीही गेली. केंद्राध्यक्षाची मुलगी, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मताच्या बाबतीत कोरी!

पोरीनं मला दिलासाबिलासा काही दिला नाही. तिनं विचारलं, त्यांना खरं सांगितलंत तर काय होईल? मी म्हटलं, ते ऐंशीचे आहेत, त्यांना मान वर करून सांगण्यासारखी मुलगी एकच आहे, ती मी. ती म्हणाली, मग आधी मत द्या, मग ठरवा.

त्याच रात्री ऑनलाइन फॉर्म भरला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, याचाच जास्त राग आला. ग्रुपवरही लिहिलं की मी तुम्हाला इतकी वर्षं चुकीचं सांगत होते. तीन जणांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. एकीनं लिहिलं की तिला हे पहिल्यापासून माहीत होतं. मग बोलली का नाहीस बाई? तर म्हणे, तुम्हाला कोण बोलणार.

मेमध्ये कौन्सिलची निवडणूक होती. तोवर दारात पडणारा एकेक कागद मी वाचला. एक उमेदवार दारावर आला तेव्हा त्याला कचऱ्याच्या डब्यांवरून, बसच्या वेळांवरून आणि वाकलेल्या लॅम्पपोस्टवरून पंचवीस मिनिटं उभं केलं. बिचारा जाताना म्हणाला, इतके प्रश्न मला या रस्त्यावर कुणीच विचारले नाहीत. पोरगी जिन्यावर बसून ऐकत होती, मला म्हणाली, मला वाटलं मीच बोलतेय.

मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही दोघी निघालो. केंद्र गल्लीच्या टोकाला, प्रायमरी शाळेच्या हॉलमध्ये. ती बाहेर कुंपणाशी थांबली, कुणाची तरी दोन कुत्री धरून. आत एक म्हातारी बाई आणि एक तरुण टेबलाशी. मी पासपोर्ट पुढे केला. माझा, निळा, इंडियन. म्हातारीनं फोटो पाहिला, मला पाहिलं, यादीत पट्टी सरकवत माझं नाव शोधलं आणि मोठ्यानं वाचलं. इतकं वाईट वाचलं, पण वाचलं. कागद घेतला, आडोशाला गेले, दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली. फुली मारली. कुणाला मारली ते नाही सांगणार, अण्णांची शिस्त आहे.

घरी येऊन फोन लावला. तिकडे दुपार, त्यांचं जेवण झालेलं. इकडे निवडणूक आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलंच, मत दिलंस का? मी म्हटलं, दिलं. मग त्यांनी सगळी चौकशी केली. पोलिस किती होते? एकही नाही. शाई? नाही लावत. पेन्सिलनं फुली मारतात हे ऐकून मात्र ते हबकलेच. पेन्सिल? आणि कुणी खोडलं म्हणजे? इतका वेळ ते पेन्सिलीवरच बोलत राहिले की मला वाटलं आता राहू दे, आज मत दिलंय, खोटं बोलले नाही, पुरे झालं.

पोरगी समोर टोस्ट खात होती. तिला मराठी कळत नाही, पण माझा चेहरा कळत होता. तिनं खाणं थांबवलं.

मी म्हटलं, "अण्णा, आजचं हे पहिलं. आयुष्यातलं पहिलं. याआधी दर वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले."

आणि सगळं सांगितलं. होस्टेल, सासरची यादी, सासूबाई, एकोणीस वर्षं. सांगून संपलं तेव्हा मला वाटलं फोन कट झाला. मी हॅलो हॅलो केलं.

"आहे मी," ते म्हणाले. मग खाकरले. "ड्यूटीवरच्या माणसाला आपल्या गावी मत देता येत नाही, बाळ. आमची मतपत्रिका टपालानं यायची. कधी आलीच नाही, कधी निकाल लागल्यावर आली. तक्रार करायची तर हेडमास्तर म्हणायचे, सोडा हो. मीही सोडलं. सगळ्या तालुक्याची मतं पेटीत घालून घेतली, माझं एक राहिलं."

मी एवढंच विचारलं, कधीच नाही?

"रिटायर झालो त्या वर्षी दिलं पहिलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी. तू दहा वर्षं आधी दिलंस."